तिसरं बटण

माणसाला खरं बोलायला लावणाऱ्या गोष्टी या जगात दोनच आहेत: एक मरण आणि दुसरी रस्ट नावाची संगणकाची भाषा. असं कुतैबाचं ठाम मत होतं. यांतल्या पहिल्या गोष्टीचा त्याला अनुभव नव्हता. दुसरीचा होता, पण तो यूट्यूबवरच्या काही व्हिडिओंपुरता, आणि त्यातलाही शेवटचा व्हिडिओ अर्ध्यावर असताना गॅसची गाडी आली म्हणून आईने त्याला सिलिंडर वर आणायला पिटाळलं होतं.

कुतैबा अम्मानच्या शमेसानी भागातल्या एका बारक्या कंपनीत वेबसाइटी बनवायचा. वेबसाइटीचा जो भाग लोकांच्या डोळ्यांना दिसतो तो त्याच्याकडे: बटणं, रकाने, आपोआप सरकणारे फोटो. गिऱ्हाईकं म्हणजे शावर्माची दुकानं, दातांचे दवाखाने आणि मध विकणारे एक गृहस्थ, ज्यांना आपल्या पानावर मधमाशी उडताना हवी होती आणि तीही उजवीकडून डावीकडे. हे सगळं जावास्क्रिप्टमध्ये चाले. जावास्क्रिप्टवर कुतैबाचा राग होता तो एवढ्यासाठीच, की ती अगदी अम्मानच्या माणसासारखी सभ्य होती. काहीही सांगा, नाही म्हणून म्हणायची नाही. "करते की," म्हणायची आणि गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना तोंडघशी पाडायची.

रस्टचं तसं नव्हतं. रस्टचा कम्पायलर, म्हणजे आपण लिहिलेलं तपासून मगच पुढे सोडणारा जो कोणी आत बसलेला असतो तो, सासूच्या वरताण होता. "ही वस्तू तू मघाशी त्याला देऊन टाकलीस, आता पुन्हा कशी हात लावतोस?" "हा डबा रिकामा निघाला तर काय करशील, ते आधी सांग." प्रत्येक शक्यतेचा जबाब घेतल्याशिवाय तो उंबरा ओलांडू देत नसे. सुरुवातीला कुतैबाला रडू आलं. मग भक्ती आली. आणि भक्ती आल्यावर माणूस जे करतो तेच त्याने केलं: इतरांना त्रास द्यायला सुरुवात केली.

"भाषेचं नाव काय म्हणालास?" आईने, म्हणजे उम्म कुतैबाने, विचारलं.

"रस्ट. म्हणजे गंज."

"लोक गंज काढून घ्यायला पैसे मोजतात. आणि तू शिकतोयस."

रस्टमध्ये लिहिलेलं पान ब्राउझरला समजेल अशा रूपात यायला वेळ लागतो. कुतैबाचा लॅपटॉप जुना. त्याचा पंखा सुरू झाला की खोलीतले पडदे हलत. आई दारातून डोकावून विचारायची, "शिजलं का?"

"अजून नाही."

"जमीदचे वाळक्या दह्याचे गोळे भिजत घातले असतेस तर एव्हाना मटणाचं मनसफ जेवून हात धुवून झाले असते."

आता दीमाबद्दल सांगायला हवं, कारण ती नसती तर ही गोष्ट कुतैबा आणि पंखा यांच्यातच संपली असती.

दीमा त्याच कंपनीत परीक्षक होती. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायच्या आणि महिन्याच्या शेवटी त्याचा पगार घ्यायचा, असं तिचं काम. कुतैबाचं आणि तिचं लग्न व्हावं असं दोघांनाही दोन वर्षांपासून वाटत होतं. दोन्ही घरांत हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे अधिकृतपणे कोणालाच माहीत नव्हतं. ते अधिकृत व्हायला जाहा जावी लागते: मुलाकडची वडीलधारी मंडळी कोट घालून मुलीच्या घरी जातात, पुढे आलेली कॉफी न पिता खाली ठेवतात आणि मागणी घालतात. कुतैबाची जाहा काही निघत नव्हती. आधी पगारवाढ व्हायची होती, मग रमजान आला, मग मधमाशीचं काम आलं आणि आता रस्ट.

"जाहा कधी?" दीमाने ऑफिसच्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात चहात पुदिना टाकत विचारलं.

"हे एवढं शिकून झालं की लगेच. देवाच्या मनात असलं तर. इन्शाल्ला."

"काल इरबिदहून एक बाई आल्या होत्या घरी. मुलगा दातांचा डॉक्टर आहे."

कुतैबाचा कप ओठांशीच थांबला. "मग?"

"मग काही नाही. माझे दात बघून गेल्या." तिने चमचा ओट्यावर ठेवला. "बाबांनी त्यांना काहीच सांगितलं नाही. मला एवढंच विचारलं, ‘तो आपल्या यज़नचा मित्र, कुतैबा, तो हातात घेतलेलं काही पुरं करतो का गं?’"

"तू काय सांगितलंस?"

"मी परीक्षक आहे. म्हटलं, तपासून सांगते."

दीमाचे वडील अबू हाज़िम सैन्यात भूमापक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी ते दिवाणखान्यात शिरताना सोफा भिंतीपासून किती दूर आहे ते डोळ्यांनी मोजत. आयुष्यात त्यांचा एकच अंदाज चुकला होता आणि तो थोरल्या मुलाच्या, हाज़िमच्या, लग्नातला. किती माणसं जेवायला येणार ते त्यांना कोणी धड सांगितलं नाही, आणि त्यांनी धाकधुकीने मनसफच्या परातींवर पराती मागवल्या. पुढचा आठवडाभर तबरबूरमधल्या त्यांच्या गल्लीत मांजरंसुद्धा मनसफला तोंड लावेनाशी झाली. पाहुण्यांना कमी पडण्यापेक्षा उरलेलं बरं, असं सगळे म्हणाले. अबू हाज़िम मात्र म्हणाले, "ही मोजणी नव्हे."

आता धाकट्या यज़नचं लग्न ठरलं होतं. एका शुक्रवारी कुतैबा यज़नकडे गेला असताना अबू हाज़िमनी त्याला समोर बसवलं.

"तू म्हणे अशी भाषा शिकतोयस की जिच्यात चूक करताच येत नाही?"

"करता येते काका, पण ती करू देत नाही."

"छान. मग एक पान बनव. लग्नाच्या जेवणाला नक्की किती माणसं येणार ते मला आधी कळलं पाहिजे. नक्की." ते जरा थांबले. "बाकीचं आपण नंतर बोलू."

बाकीचं म्हणजे काय, हे दाराआड उभ्या दीमाला कळलं, सोफ्यावर आडव्या यज़नला कळलं आणि कुतैबाला इतकं कळलं की त्याच्या हातातला खजूर खाली पडला.

दुसऱ्या दिवशी दीमा म्हणाली, "असे फॉर्म तयार मिळतात. फुकट. चहा निवायच्या आत होईल."

"तयार फॉर्म? तुझ्या वडिलांपुढे?"

"त्यांना आकडा हवाय, कुतैबा. कम्पायलर नको."

पण कुतैबाने रस्टच हातात घेतली. रस्टचा नियम असा, की प्रत्येक वस्तूला मालक एकच. दुसऱ्याला हवी असेल तर त्याने ती रीतसर उसनी घ्यायची आणि वेळेत परत करायची. हे जिथे जमेना तिथे कुतैबा वस्तूची सरळ नक्कल काढून वेळ मारून नेई. सगळेच नवशिके तसं करतात. पान पहिल्यांदा उभं राहिलं तेव्हा आतमध्ये नवरदेवाच्या नावाच्या इतक्या नकला झाल्या होत्या की दीमाने विचारलं, "माझ्या भावाचं लग्न एकदाच आहे ना?"

पान दिसायला मात्र देखणं झालं होतं. वर यज़नचं आणि नवरीचं नाव, मध्ये जेवणाचा दिवस आणि हॉलचा पत्ता, खाली पाहुण्याचं नाव लिहायला जागा आणि शेजारी शेजारी दोन बटणं. डावीकडे हिरवं, ‘येणार’. उजवीकडे लाल, ‘येणार नाही’.

"उत्तरं दोनच?" दीमाने विचारलं.

"दोनच. रस्टमध्ये सगळ्या शक्यता आधी जाहीर कराव्या लागतात. मग त्यातली एकही सुटली तरी कम्पायलर पुढे जाऊ देत नाही. माणूस एक तर येतो, नाहीतर येत नाही. तिसरी शक्यता नाही. कम्पायलरनेही मान्य केलंय."

"कम्पायलर कुठल्या गावचा?"

"म्हणजे?"

"करकचा, की सल्टचा? आपल्यातला दिसत नाही, म्हणून विचारलं."

"दीमा, हा तर्क आहे."

"असेल. तू हे पान एकदा तुझ्या आत्याच्या डोळ्यांनी बघ."

"कम्पायलर पास म्हणतो."

"बरं," दीमा म्हणाली. परीक्षकांच्या भाषेत ‘बरं’चा अर्थ काय होतो हे कुतैबाला नोकरीतल्या इतक्या वर्षांनंतर ठाऊक असायला हवं होतं.

गुरुवारी संध्याकाळी यज़नने पानाची लिंक घराण्याच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकली. लगेच प्रतिसाद आला. गुलाबाची फुलं आली, नाचणाऱ्या बायकांची चित्रं आली, लांबलचक आशीर्वाद आले, कोणीतरी भलत्याच लग्नाचा व्हिडिओ टाकला. बटण मात्र कोणीही दाबलं नाही. कुतैबा रात्री जेवताना, दात घासताना आणि झोपायच्या आधी बघत राहिला. येणार: शून्य. येणार नाही: शून्य. तर्काप्रमाणे हे अशक्य होतं.

शुक्रवारच्या नमाजानंतर त्याला तबरबूरला बोलावणं आलं.

अबू हाज़िमनी फोन टेबलाच्या बरोबर मधोमध ठेवला होता, मेलेला उंदीर ठेवावा तसा. फोनमधून त्यांचे थोरले बंधू अबू सख्र सल्टहून बोलत होते, म्हणजे ओरडत होते. सल्ट काही फार दूर नाही. फोन नसता तरी चाललं असतं.

"अबू हाज़िम! तुझ्या मुलाचं आमंत्रण उघडलं मी. पहिला शब्द काय वाचला? ‘येणार नाही’! तोही लाल रंगात! अरे, दारात आलेल्या पाहुण्याला कोणी असं विचारतं? ‘या बसा’ नाही, ‘कसे आहात’ नाही, एकदम ‘येणार नाही ना?’"

इथे कुतैबाला आपली चूक कळली. पान त्याने परदेशातल्या कोणा गृहस्थाच्या नमुन्यावरून बेतलं होतं. तो गृहस्थ डावीकडून उजवीकडे वाचणारा. त्याच्या लेखी डावीकडचं हिरवं बटण पहिलं. अरबी डोळा मात्र पानात उजवीकडून शिरतो, आणि शिरताच त्याच्या पुढ्यात पडलं होतं ते लाल ‘येणार नाही’. कुतैबा स्वतः जन्मापासून उजवीकडून वाचत आला होता. पण गेले काही महिने तो रस्ट वाचत होता, आणि रस्ट डावीकडून येते. कम्पायलरला ही चूक दिसणं शक्यच नव्हतं. त्याला उजवा-डावा हात नसतो.

"आणि समजा," अबू सख्र पुढे म्हणाले, "समजा मी दाबलं ‘येणार’. आणि आदल्या दिवशी मेलो. म्हणजे मरतामरता मी खोटारडा ठरलो! या वयात मला हे करायला लावता?"

"तसं नाही हो काका," कुतैबा फोनच्या दिशेने वाकून म्हणाला, "फक्त जेवणाच्या अंदाजासाठी..."

"हा कोण?"

"पान बनवणारा," अबू हाज़िम म्हणाले.

"त्याला सांग, आमच्याकडे लोक जेवायला येतात, विमान पकडायला नाही." आणि फोन बंद झाला.

अबू हाज़िमनी चष्मा काढून पुसला. सोफ्यावरून यज़न म्हणाला, "आईला आतापर्यंत किती फोन आले विचार. सगळ्यांना वाटतंय आपण त्यांना टाळतोय."

"काका," कुतैबा म्हणाला, "बटणांच्या जागा मी आजच बदलतो."

"जागा बदल. आणि लाल रंग काढ. आणि," अबू हाज़िम चष्मा लावत म्हणाले, "लोकांना इन्शाल्ला म्हणायला जागा दे. ‘नाही’ म्हणायची आपल्यात पद्धत नाही आणि ‘हो’ म्हणणं उद्धटपणाचं. मग माणसाने दाबायचं काय?"

कुतैबाने घरी येऊन तिसरी शक्यता जाहीर केली: येणार, येणार नाही, इन्शाल्ला. आणि कम्पायलर चवताळून उठला. जिथे जिथे पहिल्या दोन उत्तरांचा हिशेब होता, त्या प्रत्येक ठिकाणी त्याने बोट ठेवलं. इथे इन्शाल्लाचं काय? इथे इन्शाल्ला आलं तर काय दाखवायचं? आणि मुख्य म्हणजे, एकूण किती पाहुणे हे सांगताना इन्शाल्ला म्हणजे किती माणसं धरायची? सगळ्या खानदानाने शतकानुशतकं जो प्रश्न सभ्यपणे टाळला होता, तो एक यंत्र त्याला लाल अक्षरांत विचारत होतं.

"आई, कोणी इन्शाल्ला म्हटलं तर ते येतात का?"

उम्म कुतैबा भेंडी चिरत होती. "कोण म्हणतंय त्यावर आहे."

"समज, नात्यातलं कोणी."

"नात्यातलं म्हटलं तर येतं. बायकामुलांसकट येतं. पण नजर खाली करून म्हटलं तर नाही येत. नुसतं ‘इन्शाल्ला’ म्हटलं तर येईल, ‘इन्शाल्ला, इन्शाल्ला’ असं दोनदा म्हटलं तर येणार नाही. शेजारी असेल तर येतो पण लवकर जातो. छातीवर हात ठेवून म्हटलं तर विसरून जा."

"पानाला हात दिसत नाही, आई."

"मग त्या पानाला लग्नात कशाला नेतोस?"

यज़नला विचारलं तर तो म्हणाला, "सरासरी काढ." म्हणून कुतैबाने एका इन्शाल्लाला अर्धा माणूस असं लिहून पाहिलं. यज़न स्क्रीनकडे बघत म्हणाला, "अर्धा? वरचा की खालचा? नाही, खालचा अर्धा काही जेवत नाही, म्हणून विचारलं."

कुतैबाने ती ओळ पुसली.

आणि इथे एक गोष्ट सांगायला हवी जी कुतैबाने कोणालाच सांगितली नव्हती. रस्टमध्ये एक पळवाट आहे. जिथे काय लिहावं ते सुचत नाही तिथे ‘हे नंतर करीन’ अशा अर्थाचा एक शब्द लिहून ठेवायची सोय असते. एरवी कपाळाला आठ्या घालणारा कम्पायलर तो शब्द पाहून मुकाट्याने वाट सोडतो. फक्त पुढे कधीतरी पान चालू असताना पाऊल नेमकं त्याच जागी पडलं, तर पान तिथल्या तिथे कोसळतं. कुतैबाने इन्शाल्लाच्या पुढे तो शब्द लिहिला. कम्पायलर गप्प झाला. पंखा थांबला. पडदे हलायचे थांबले.

नवं पान ग्रुपवर गेलं आणि या वेळी बटणं धडाधड दाबली गेली. लोक खूश झाले. अबू सख्रनी तर आपल्या सगळ्या सुनांचे फोन मागवून स्वतःच्या बोटाने दाबली. प्रत्येकाने एकच बटण दाबलं होतं, आणि ते कोणतं हे सांगायची गरज नाही. कुतैबाच्या आईनेही तेच दाबलं.

"आई, तू तर येणारच आहेस ना?"

"म्हणजे काय! पोशाख शिवायला टाकलाय. येणारच. इन्शाल्ला."

दीमाने ऑफिसात पानाचं पोट उघडून पाहिलं. ते तिचं कामच होतं. एका ओळीवर तिचं बोट थांबलं.

"हे काय आहे?"

"ते... तिथे नंतर लिहायचंय."

"म्हणजे कम्पायलर हे चालवून घेतो?"

"तात्पुरतं."

"म्हणजे रस्टमध्येही इन्शाल्ला आहे." दीमाने खुर्ची मागे सरकवली. ती हसत होती, पण पूर्ण नाही. "दोन वर्षं मी समजत होते की तू निदान संगणकाशी तरी खरं बोलतोस."

"दीमा..."

"बाबा उद्या आकडा बघणार आहेत. आणि त्या इरबिदच्या बाई परवा पुन्हा येणार आहेत. इन्शाल्ला नाही म्हणाल्या त्या. म्हणाल्या, चार वाजता."

त्या रात्री कुतैबाने ती ओळ सहा प्रकारांनी लिहिली आणि सहाही प्रकारांनी ती खोटी वाटली. शेवटी होती तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी तबरबूरच्या दिवाणखान्यात अबू हाज़िमनी फोन हातभर लांब धरला. यज़न या वेळी सरळ बसला होता. दीमा कॉफीचा ट्रे घेऊन दारात उभी राहिली, आत आली नाही.

"हे ‘एकूण’ म्हणजे मला हवा तो आकडा?" अबू हाज़िमनी विचारलं.

"हो, पण काका..."

अबू हाज़िमनी बोट टेकवलं. पान क्षणभर थरथरलं आणि गार पडलं. मग काहीही दाबलं तरी ते हलेना. यज़नने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "गेलं."

कुतैबाच्या जिभेवर त्या क्षणी बरंच काही तयार होतं. तबरबूरचं इंटरनेट धड नाही. फोन जुना आहे. सर्व्हरवर गर्दी आहे. उद्यापर्यंत होईल, इन्शाल्ला. यातलं कोणतंही वाक्य म्हटलं असतं तरी अबू हाज़िमनी मान डोलावली असती, कॉफी दिली असती आणि इरबिदच्या बाईंना उद्या चार वाजता दार उघडलं असतं. त्याने दाराकडे पाहिलं. दीमाच्या हातातले कप जराही किणकिणत नव्हते.

"पान पडलं, काका," कुतैबा म्हणाला. "चूक माझी आहे. इन्शाल्ला म्हणजे किती माणसं ते मला कळलं नाही, म्हणून तिथे नंतर बघू असं लिहून ठेवलं होतं. किती लोक येतील ते मला माहीत नाही. हे पानही सांगू शकणार नाही. उद्याही नाही."

खालच्या रस्त्यावरून गॅसची गाडी आपली धून वाजवत गेली.

"माहीत नाही," अबू हाज़िमनी तो शब्द चव घेतल्यासारखा पुन्हा उच्चारला. "सैन्यातून आल्यापासून हा शब्द मी कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. गवंड्याला विचारा, प्लंबरला विचारा, माझ्या भावाला विचारा. सगळ्यांना सगळं माहीत असतं." त्यांनी फोन पालथा ठेवला. "बरं. आणि बाकीचं?"

"बाकीचं म्हणजे... लग्न झालं की पुढच्या गुरुवारी आमची जाहा येते."

"गुरुवारी येते." अबू हाज़िम यज़नकडे वळले. "बघ, याने देवालाही विचारलं नाही." मग दाराकडे न बघताच म्हणाले, "दीमा, कॉफी गार करायला उभी आहेस का?"

इरबिदच्या बाईंना फोन करून सांगण्यात आलं की मुलीच्या आईची पाठ धरली आहे, आणि काय ते त्या समजल्या.

जेवणाच्या पराती अबू हाज़िमनी हाज़िमच्या लग्नात मागवल्या होत्या तितक्याच मागवल्या. इन्शाल्ला दाबलेले सगळे आले. न दाबलेलेही आले. अबू सख्र सगळ्यांच्या आधी आले आणि दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिले की त्यांनी पानावर स्वतः बटण दाबलं आहे. मनसफ उरलं.

गुरुवारी कुतैबाकडची जाहा निघाली. आईने फोन करून करून माणसं जमवली होती. प्रत्येकजण इन्शाल्ला म्हणाला होता, त्यामुळे किती गाड्या लागतील ते शेवटपर्यंत कळलं नाही. आईचे मामा अबू नव्वाफ मंडळींचे प्रमुख. ते पूर्वी नगरपालिकेत होते आणि माइक नसला तरी माइक असल्यासारखं बोलत. त्यांनी कॉफीचा कप हातात घेतला, न पिता खाली ठेवला आणि दोन्ही घराण्यांचं इतकं गुणगान केलं की मागच्या रांगेतल्या कोणीतरी हळूच विचारलं, हे आपल्याच कुतैबाबद्दल चाललंय ना? शेवटी त्यांनी मुलीचा हात मागितला.

सगळ्यांच्या नजरा अबू हाज़िमकडे वळल्या. इथे मुलीच्या वडिलांनी म्हणायचं असतं, ‘कॉफी प्या, ज्यासाठी आलात ते मिळालं.’ म्हणायला फार वेळ लागत नाही.

"इन्शाल्ला," अबू हाज़िम म्हणाले.

एवढ्या मंडळींत इन्शाल्लाचे सगळे प्रकार जाणणारी माणसं बसली होती आणि हा त्यातला कोणता हे एकालाही सांगता येईना. कुतैबाने आईची शिकवण आठवून अबू हाज़िमच्या हाताकडे पाहिलं: छातीवर आहे का? हात छातीवर नव्हता. हात कोटाच्या खिशात होता.

तो हात बाहेर आला तो फोन घेऊन.

"आमच्या घरात हल्ली हे असं विचारायची पद्धत पडली आहे," अबू हाज़िम अत्यंत गंभीरपणे म्हणाले आणि फोन मंडळींकडे वळवला. पांढऱ्या पानावर वर लिहिलं होतं, ‘कुतैबाकडची मंडळी आली आहेत.’ खाली, अगदी उजव्या कडेला, एकच हिरवं बटण: ‘हो’.

"दुसरं बटण कुठंय?" अबू नव्वाफनी डोळे बारीक करून विचारलं.

"परीक्षक बाईंनी ठेवलंच नाही," अबू हाज़िम म्हणाले आणि बोट टेकवलं.

पान थरथरलं नाही, पडलं नाही. तिथल्या तिथे अक्षरं उमटली: ‘कॉफी प्या.’

एकच गलका झाला. आतून बायकांचा आनंदाचा चीत्कार आला. मंडळींनी कप उचलले आणि गार झालेली कॉफी तोंड वाकडं न करता प्यायली. यज़नने कुतैबाच्या पाठीत एक सणसणीत थाप घातली. कुतैबाने मात्र फोन मागून घेतला आणि पान पुन्हा एकदा उघडून पाहिलं. बोट उचलायच्या आत ते उघडलं.

ते दीमाने केलं होतं. जावास्क्रिप्टमध्ये, जेवणाच्या सुट्टीत.